बुडायला शिकलेली झडप

बसा, बसा. प्रसादाचा शिरा अजून चुलीवर आहे, तोवर जरा पुढं सरका. बुवांनी आज समुद्रावर दगड तरंगल्याचं आख्यान लावलं. ऊर कसा भरून आला! पण माणगावच्या पाहुण्यांनो, आमच्या खाडीवर याच्या अगदी उलटं घडलं. तरंगणारी वस्तू बुडायला शिकली आणि शेत वाचलं. ती गोष्ट सांगते, ऐका.

तुमच्याकडं पाणी डोंगरावरून येतं. आमची शेतं भरतीच्या पाण्याहून खाली. म्हणून खाडीच्या कडेनं मातीचा बांध, आणि बांधात उघाडी. उघाडी म्हणजे दगडी मोरी. तिच्या खाडीकडच्या तोंडाला वरून टांगलेली झडप. ओहोटीला आतलं पावसाचं पाणी झडप ढकलून बाहेर जातं, भरतीला खाडीचं पाणी तीच झडप दाबून बंद करतं. राखण करायला माणूस लागत नाही.

जुनी लाकडी झडप कुजली आणि एका उधाणाला खारं पाणी आत घुसलं. उघाडीलगत कोकिळेचं शेत. उभा भात लाल पडून जळाला. गेल्या साली तिनं पुन्हा लावणी केली, पण सगळ्यांदेखत बोलून गेली, "औंदा जर खारं शिरलं, तर मी पुन्यांदा या चिखलात पाय घालनार न्हाय."

नवी झडप केली थळच्या मोरूनं. फायबरच्या होड्या करण्यात त्याचा हात धरणारा कोणी नाही. लाकूड कुजतं, लोखंड गंजतं, फायबरला काही होत नाही, सगळ्यांना पटलं. काय देखणी झडप आणली! निळीशार, होडीच्या पाठीसारखी गुळगुळीत. आम्ही नारळ फोडला, हळदकुंकू वाहिलं.

आणि झडप गळू लागली. साध्या भरतीलाही आतल्या चरात खारं पाणी. पिठोरी अमावस्या तोंडावर, त्या दिवशीचं उधाण म्हणजे बांधाची परीक्षाच. मोरू आला, बिजागऱ्यांना तेल घालून गेला. "गवत अडकलं असंल," म्हणाला. गवत नव्हतं.

कोकिळेची लेक सुचिता नववीत. त्यांच्या विज्ञानाच्या रुचिकाबाई रविवारी मुलांना बांधावर आणतात. खेकड्यांची बिळं दाखवतात, पाण्याची चव घ्यायला लावतात. सुचिता त्यांना म्हणाली, "बाई, झडप का गळते, सांगा ना."

"मला कुठं ठाऊक?" बाई म्हणाल्या. "भरती चढतेय. पालथी पड आणि बघ."

पोर बांधावर पालथी पडली. पाणी चढलं, तशी झडपेची खालची कड हळूच बाहेर उचलली गेली. वर ढकलल्यासारखी. गवत नाही, काडी नाही.

"बाई, ही तरंगतेय!"

"मग?" बाईंनी एवढंच विचारलं.

घरी येऊन पोरीनं पाण्याच्या पिंपात आपला जेवणाचा डबा घट्ट झाकण लावून सोडला. तरंगला. खिळ्यानं तळाला भोक पाडलं. तरी तरंगला! कोकिळा ओरडली, "अगं भवाने, उद्या भाजी कशात न्हेशील?" पोरीचं लक्ष कुठं! आतली हवा कुठून निघणार, हे तिला सुचलं, आणि तिनं झाकणालाही भोक पाडलं. बुडबुड बुडबुड करत डबा तळाला. तोच भोकं पाडलेला डबा घेऊन पोर आईसकट थळला.

मोरू होडी घासत होता. सुचिता म्हणाली, "मामा, झडप आतून पोकळ हाय ना?"

"व्हय तर. चारी बाजूंनी हवाबंद. माझ्या हातचं आजवर काय बुडालं न्हाय, पोरी."

"मामा, तेच तर दुखनं हाय!"

मोरूची बायको फिसकन हसली. मोरूचा चेहरा उतरला. पोरीनं बादलीत डबा सोडून दाखवला. दोन्ही भोकांवर बोटं ठेवली तर तरंगे, बोटं काढली की बुडे. मोरूनं स्वतः तीनतीनदा करून पाहिलं. मग होडीला टेकून बसला.

"म्हंजी मी झडप करायला गेलो न् होडीच केली," तो म्हणाला. "पन भोक पाडायचं? आमच्यात भोक दिसलं तर बुजवतात गो."

कोकिळा हात जोडून म्हणाली, "मोरूदादा, माजं शेत..."

"हात नको जोडूस, बाय. येतो."

अमावस्येला सकाळच्या ओहोटीत मोरू चिखलात उतरला. झडपेच्या पाया पडला, डोळे मिटले आणि ड्रिल लावलं. खाडीकडच्या अंगाला एक भोक खाली, एक वर. घर्रर्र आवाज झाला तेव्हा त्याचा ओठ दाताखाली होता. आपल्याच मुलाचे कान टोचताना बापाचं होतं तसं.

दुपारी उधाण आलं. पिठोरीचा उपास धरलेल्या बाया, मुलं, रुचिकाबाई, सगळे बांधावर. पाणी झडपेला लागलं. खालच्या भोकातून शिरलं, वरच्यातून हवा फुसफुसत निघाली. झडप जडावली, जागची हलली नाही. पाणी आणखी चढलं आणि धप्पकन तिला दगडावर दाबून बसलं. खाडी बांधाच्या माथ्याशी डुचमळत होती. सुचिता आतल्या चरात उतरली, ओंजळ भरून पाणी प्यायली.

"आये, गोडं हाय! पावसाचंच हाय!"

काय कल्लोळ उठला म्हणता! कोणीतरी देवळातून टाळ आणले, चिखलातच फेर धरला. कोकिळेनं लेकीला उचलायला पाहिलं, ती कसली उचलतेय, दोघी चरात पडल्या. रुचिकाबाई पदर खोचून नाचल्या. आणि मोरूला लोकांनी खांद्यावर घेतलं, तर तो ओरडतोय, "मला कशापायी? त्या पोरीला घ्या!"

दसऱ्याच्या सुमाराला कोकिळेच्या शेतात लोंब्या वाकल्या. आता येतोय ना शिरा, त्यातला रवा बाजारचा, पण सोबत नैवेद्याचा भात आहे तो त्याच शेतातला. पोरीचं कौतुक तुम्ही कराल, करायलाच हवं. पण पहिला घास उचलताना थळच्या मोरूची आठवण काढा. जन्मभर भोकं बुजवणाऱ्या त्या माणसानं एका पोरीचं ऐकलं आणि आपल्या हातच्या वस्तूला भोक पाडलं. त्याला सुखी ठेव, एवढं देवाला सांगा.