अजून नंबर घालायचाय

अप्पांच्या अंगठ्याला टर्पेंटाइनचा वास असे. सकाळची पूजा आटोपून ते आम्हा भावंडांच्या कपाळी गंध लावत, तेव्हा चंदनाच्या आधी तो उग्र वासच कपाळाला टेके. देवालाही एव्हाना विमानांची सवय झाली असेल, असं आई म्हणायची.

विमानांच्या कारखान्यात ते लाकडी नमुने करत आणि कानडी मुलखात, चामराजपेटेतल्या आमच्या घरी परतल्यावर, पश्चिमेच्या खिडकीखालच्या बैठ्या टेबलाशी, हौस म्हणून पुन्हा तेच करत. चार फुटांना एक इंच या मापाने शिवणीच्या लाकडातून लढाऊ विमान हळूहळू बाहेर येई. पंखाची कड ते डोळे मिटून, अंगठ्याने तपासत. रंगाच्या बाबतीत मात्र पक्के कंजूष. "पातळ हात दे. जाड बसला की माप खोटं होतं," हे त्यांचं वाक्य आम्ही पोळीवरच्या तुपालाही लावत असू.

माझा धाकटा भाऊ मधू हवाई दलात वैमानिक झाला. अप्पा हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. त्यांनी त्याच्या विमानाचा नमुना करायला घेतला, एवढंच. तेव्हापासून एक नवीन गोष्ट घरात शिरली. संध्याकाळच्या तिरप्या उन्हात, कौलांवरून एखादं जेट आकाश फाडत गेलं की अप्पांचा ब्रश हवेतच थांबे, आणि तो नाद पार विरेपर्यंत खाली येत नसे. मधू दूर उत्तरेला होता. ही विमानं परक्यांच्या मुलांची होती. तरी हात थांबायचा.

नमुना पूर्ण झाला, रुपेरी रंग चढला, पण शेपटीवरचा नंबर अप्पा घालेनात. कारखान्यात नंबर सगळ्यात शेवटी पडतो, आणि तो पडला की विमान आपलं राहत नाही, असं ते म्हणत. लढाईच्या वर्षी, पावसाळ्यात, मधू रजेवर आला. एका दुपारी अप्पा कामावर असताना त्याने बारीक ब्रश घेऊन स्वतःच्या विमानाचा नंबर त्या शेपटीवर काढला.

अप्पा आले. नमुना उचलून शेपटी उजेडाकडे धरली.

"स्वल्प वाकडा आलाय, अप्पा. सांभाळून घ्या," मधू म्हणाला.

"सरी," अप्पा कानडीत ‘बरं’ म्हणाले.

त्यांचा चेहरा उतरलेला मला दिसला होता. एवढा शिकलेला कारागीर आणि असल्या गोष्टींना भितो, म्हणून मी हसले. ते हसू मला आजही सलतं.

रजा संपवून मधू परत गेला आणि महिन्याभरात लढाई पेटली. मग एके सकाळी तार आली. विमान परतलेलं नाही, शोध चालू आहे, एवढाच मजकूर. अप्पांनी ती वाचली, घडी घालून देवापाशी ठेवली आणि टेबलाशी बसले. पॉलिश पेपरचा तुकडा घेऊन त्यांनी तो वाकडा नंबर घासायला सुरुवात केली. लाकूड उघडं पडलं तरी हात थांबेना. मी मनगट धरलं, तेव्हा माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "अक्का, अजून नंबर घालायचाय. नंबराशिवाय विमान बाहेर जात नाही."

मधूचं विमान सापडलं नाही, मधूही नाही. त्यानंतर दर वर्षी, त्याच दिवसांत, अप्पा नमुन्याला रुपेरी रंगाचा एक हात देत. काम चालू आहे, असं आल्यागेल्याला सांगत. पातळ रंगासाठी जन्मभर भांडलेल्या त्या माणसाच्या हाताखाली पंखांची धार बोथट झाली, वैमानिकाची बसायची जागा बुजत चालली, माप कधीच खोटं झालं. त्यांना ते कळत नव्हतं असं नाही. डोळे मिटून अंगठा ते अजूनही फिरवत.

आता अप्पा नाहीत. विमान माझ्याकडे आहे आणि आकाराच्या मानाने फार जड आहे. पुसायला घेतलं की माझाही अंगठा आपोआप शेपटीकडे जातो, आणि नंबर होता तिथे बोट किंचित खोल उतरतं. इतक्या वर्षांचा रंग एकावर एक बसला, पण तेवढी जागा भरलेली नाही.