बाबांच्या उंचीची सीट

“तेल घालतेय की तळून काढतेय, कोण जाणे.”

मी फरशीवर आडवी होते, डोकं सायकलीच्या दोन चाकांच्या मध्ये, आणि हे वाक्य माझ्या कानापासून हातभर अंतरावर पडलं. बाबा, म्हणजे माझे सासरे, लगतच खुर्ची टाकून बसले होते. बोलले मात्र भिंतीशी. मला काही ऐकवायचं असलं की ते भिंतीशी बोलतात. भिंत उत्तर देत नाही आणि मीही देत नाही, त्यामुळे आम्हा तिघांचं वर्षानुवर्षं छान चाललं आहे.

त्या दिवशी मात्र मी दिलं. “चेन गंजलीय, बाबा. एवढं तेल लागणारच.”

“गंजेल कशी? मी दर सुट्टीला पुसायचो.”

“तुम्ही पुसायचात तेव्हा नव्हतीच गंजली.”

बोलले आणि जीभ चावली. या सायकलीबद्दल ‘होतं’, ‘करायचात’ असलं काही बोलायचं नाही, असा आमच्या घरात न ठरवता ठरलेला नियम होता. आतल्या खोलीत सासूबाईंचं शिलाई मशीन खडखडत होतं, ते एक क्षण थांबलं. मग पुन्हा सुरू झालं.

बाबा जमिनीची मोजणी करणारे. आयुष्य चढउतारांवर गेलं. खांद्यावर मोजणीची साखळी, हातात निशाणाच्या काठ्या. जीप मिळायची साहेबांना. म्हणून पस्तिशीत असताना त्यांनी स्वतःच्या हिमतीवर ही डोंगरी सायकल घेतली. जाड फ्रेम, कंगोरेदार टायर, हँडलवर अंगठ्यानं ढकलायचे गिअर. तेव्हा आसपास कुणी गिअरची सायकल पाहिलेली नव्हती, त्यामुळे लोक बाबांना सोडून सायकलीलाच नमस्कार करायचे म्हणे. ती त्यांनी कधी कुणाला दिली नाही. आमच्या ह्यांना लहानपणी घंटी वाजवायची परवानगी होती, तीही हात धुऊन.

मग गेल्या वर्षी बाबा न्हाणीघरात घसरले आणि खुब्याचं हाड मोडलं. नवा सांधा बसवला. डॉक्टरांनी आम्हा तिघांना व्हरांड्यात बोलावून सांगितलं, काठी घेऊन हवं तेवढं चालू द्या, पण सीटवरून पाय टाकणं, पॅडल मारणं आता विसरा. आम्ही आत गेलो. बाबांनी विचारलं, “काय म्हणाला?” हे म्हणाले, “प्रगती उत्तम आहे म्हणाला.” तेव्हापासून घरातलं प्रत्येक वाक्य ‘बाबांचा पाय बरा झाला की’ इथून सुरू व्हायला लागलं. तो पाय बरा झाला की आम्ही काय काय करणार होतो, ते सगळं खरं धरलं तर दोन जन्म पुरले नसते.

माझी गोष्ट साधी होती. मी चष्म्याच्या कारखान्यात भिंगं घासते. आमच्या रस्त्याची बस बंद झाली. हे भल्या पहाटे उलट्या दिशेला जातात आणि स्कूटर त्यांच्याबरोबर जाते. मी चालायला लागले. दिवसभर उभं राहून काम, वर जाता-येता पायपीट. संध्याकाळी माझे पाय बुटातून काढावे लागत नव्हते, उपटावे लागत होते. आणि रोज दारातून बाहेर पडताना जिन्याखाली ती सायकल दिसायची. धुळीनं माखलेली, टायर बसलेले. धडधाकट.

“मला हवीय ती,” मी ह्यांना म्हटलं. “नीट करून रोज कामाला नेईन.”

“बाबांना विचारतो,” हे म्हणाले, आणि विचारायला गेले, आणि परत आले. “हो म्हणाले!”

“काय विचारलंत नक्की?”

“हेच की, पाय बरा होईपर्यंत तुमची सायकल ती नीट करून ठेवते म्हणून.”

आमच्या ह्यांच्या हाती निरोप दिला की ते तो इतका मऊ गुंडाळतात, की पोचेपर्यंत आत काय होतं ते कुणालाच कळत नाही.

झालं. मी माझ्यासाठी सायकल दुरुस्त करायला लागले, पण बाबांची म्हणून. आणि मालक शेजारी खुर्ची टाकून देखरेखीला बसले.

मला यातलं ओ की ठो येत नव्हतं. फोनवर व्हिडिओ बघायचा, एक नट सोडवायचा, कुठला होता ते विसरायचं, पुन्हा व्हिडिओ बघायचा. पण भिंगं घासणाऱ्या हाताला एक सवय असते, घाई करायची नाही. ब्रेकच्या वायरी कुजल्या होत्या, त्या बदलल्या. चाकांतलं घट्ट झालेलं ग्रीस काढून नवं भरलं. फ्रेमवरची धूळ ओल्या फडक्यानं पुसली, तर खाली गडद हिरवा रंग निघाला, अगदी शाबूत. त्या संध्याकाळी मी उगाचच दोनदा जिन्याखाली डोकावून आले.

भांडणं झाली ती पुढे. कंगोरेदार टायर काढून मी रस्त्याचे गुळगुळीत टायर आणले.

“हे डोंगरात घसरतील,” बाबा भिंतीला म्हणाले.

“सध्या रस्त्यापुरते, बाबा. पाय बरा झाला की जुने चढवू.”

मग मडगार्ड आणले.

“डोंगरी सायकलीला मडगार्ड? वाघाला एप्रन बांधा एक.”

“चिखल उडतो ना पाठीवर.”

“उडायचाच! चिखल नसला तर गेलो होतो हे कळणार कसं?”

मग मी मागे कॅरिअर बसवला, आणि तिथे पकडली गेले.

“हा कशाला?”

“डबा ठेवायला,” मी सहज बोलून गेले.

“डबा? मी कुठे निघालोय डबा घेऊन?”

मी पाना शोधायला लागले. तो माझ्या हातातच होता. सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. “तुमचा नाही तर कुणाचा?” त्या ठसक्यात म्हणाल्या. “उंडारायला गेलात तर उपाशी थोडेच पाठवणार आहोत?” बाबा त्यांच्याकडे बराच वेळ बघत राहिले आणि मग म्हणाले, “बरं.”

त्याच सुमारास माझ्या दोन पँट सासूबाईंनी दुरुस्तीला नेल्या होत्या. परत आल्या तेव्हा उजवा पाय खाली घोट्याशी चांगलाच अरुंद झालेला. चेनमध्ये अडकू नये इतका.

“आई, हा एक पाय...”

“चुकला असेल,” त्या म्हणाल्या. चाळीस वर्षं शिवणकाम करणारी बाई दोन्ही पँटींचा तोच पाय, तेवढाच चुकवते! हेही एक दिवस खिशातून सायकलीचा दिवा काढून टेबलावर ठेवून गेले. “सापडला,” म्हणाले. दिव्याला किमतीची चिठ्ठी अजून चिकटलेली होती.

तर सगळी तयारी झाली आणि सीट अडली.

सीट बाबांच्या उंचीला होती, आणि बाबा म्हणजे विजेचा खांब. मला त्यावर बसायचं तर शिडी लागली असती. सीटखालची कळ सैल केली, सीट ओढली, दाबली, फिरवली. ज्या दांडीवर सीट बसते ती फ्रेममध्ये अशी रुतली होती की जणू तिथेच उगवली. चार दिवस वरून तेल सोडलं. ढिम्म.

“उंची बरोबर आहे ती,” बाबा म्हणाले. “कशाला हलवतेस?”

काय सांगणार? “ग्रीस लावायचंय, बाबा. या दांडीला कधी लावलेलंच दिसत नाही.”

हे त्यांना लागलं. सायकलीचा प्रत्येक खिळा जपणारा माणूस. “जे कधी हलवायचंच नाही, त्याला ग्रीस कशाला लावायचं?” म्हणाले. “दुसरं कुणी बसणारच नव्हतं.”

“फ्रेम पोलादी आहे आणि दांडी अॅल्युमिनियमची,” मी व्हिडिओतली विद्या पाजळली. “दोन वेगळे धातू वर्षानुवर्षं एकमेकांना चिकटून राहिले की असं होतं.”

“आमच्यासारखंच की,” सासूबाई आतून म्हणाल्या. “लोक बघून म्हणतात प्रेम, असतो गंज.”

बाबा हसले. बऱ्याच महिन्यांनी असे हसले, खांदे हलेपर्यंत. दुसऱ्या दिवशी मी कारखान्यात चालत जाताना तेवढ्या हसण्यावर अर्धा रस्ता काढला. उरलेल्या अर्ध्यात मात्र विचार केला की दांडी निघाली नाही तर हे सगळं दुकान फुकट, आणि निघाली तर तिला खाली कुठल्या तोंडानं नेऊ?

सुट्टीच्या सकाळी मी आणि हे दोघं सीटशी झटापट करत होतो. मी सायकल धरलेली, हे सीट पिळतायत, चेहरा लालबुंद.

“थांबा रे,” बाबा म्हणाले. या वेळी भिंतीला नाही, आम्हाला. “दांडी फिरवू नका. दांडी धरा आणि सायकल फिरवा.”

“म्हणजे?”

“त्या टेबलाला माझा व्हाइस आहे ना, लोखंडी जबडा? सीट काढ, चाकं काढ. सायकल उलटी कर. दांडीचं टोक जबड्यात आवळ. मग फ्रेम धरून दोघं गोल फिरा. एवढी लांब फ्रेम आहे, जोर आपोआप येतो.” मग काठीनं दांडीकडे दाखवून म्हणाले, “आधी निशाणी कर. निशाणीशिवाय काही उपटायचं नसतं.”

जिथे दांडी फ्रेममध्ये शिरत होती तिथे मी लाल चिकटपट्टी गुंडाळली. बाबांची उंची. “पुन्हा इथेच बसवते,” मी म्हटलं.

सायकल उलटी टांगली. हे पुढून, मी मागून, फ्रेम धरून आम्ही टेबलाभोवती जोर लावायला लागलो. सासूबाई मशीन सोडून बघायला आल्या. “लग्नात तरी एवढ्या मनानं फिरला होतात का?” म्हणाल्या. मला हसू आलं, माझा हात सुटला, पुन्हा धरला.

“हसू नका. जोर!” बाबा खुर्चीतून अर्धे उठले. “हं! हं! आता!”

जुनं दार उघडावं तसा आवाज झाला आणि सायकल बोटभर सरकली. मग आणखी. मग कुरकुरत, पांढरी भुकटी सांडत, ती दांडी निघाली. बाबांनी टाळी वाजवली. काठी खाली पडली, कुणी उचललीही नाही.

मी दांडी घासून स्वच्छ केली, ग्रीस लावलं. सायकल सुलटी केली, चाकं चढवली, सीट बसवली, आणि दांडी आत सोडली. आता ती लोण्यातून सुरी जावी तशी खाली जात होती. माझ्या उंचीपर्यंत गेली असती. मी लाल पट्टीशी थांबवली आणि कळ आवळली.

“झाली,” मी म्हटलं. “जशी होती तशी.”

हे छताकडे बघत होते. सासूबाई गळ्यातली टेप बोटाला गुंडाळत होत्या आणि सोडत होत्या.

“बस,” बाबा म्हणाले.

“मी?”

“मग काय भिंत बसणार? बस.”

ह्यांनी हँडल धरलं. मी कशीबशी चढले. एक पाय पॅडलला पोचेना, दुसरा जमिनीला पोचेना. मी तिथे अधांतरी लटकले, अंगठे ताणून.

“दोरीवर वाळत घातल्यासारखी दिसतेस,” सासूबाई म्हणाल्या. पण त्यांचा आवाज नेहमीचा नव्हता.

बाबा उठले. काठी नव्हती, म्हणून सायकलीच्या कॅरिअरचाच आधार घेतला आणि माझ्याजवळ आले. त्यांनी वाकून दांडीवरची लाल पट्टी नखानं सोडवली, सावकाश, न फाडता, आणि बोटावर चिकटलेली ती पट्टी मडगार्डावर चिकटवून टाकली.

“डॉक्टर व्हरांड्यात बोलला ना, तेव्हा दार उघडं होतं,” ते म्हणाले. “मी वाट बघत होतो, तुमच्यापैकी कोण धीर करतंय त्याची. तुम्ही कसले करताय! सगळे एकापेक्षा एक भित्रे.” त्यांनी हिरव्या फ्रेमवर तळहात ठेवला आणि तिथेच ठेवला. “मी आता सायकल चालवणार नाही. कधीच नाही. उतर खाली, आणि सीट तुझ्या मापाला घे.”