एक डोळा मिटून

शांतीलाल शेटच्या दुकानावरचा पत्रा चुनीलाल कागदावर उतरवत होता, तेवढ्यात समोर खरा पत्राच खाली आला. हमालांनी दोर सोडले आणि तो दणकन रस्त्यावर आपटला. शेजारी शोभाबाई पहारीने आपल्या ओट्याच्या विटा उचकटत होती. त्या ओट्यावर बसून ती फुटाणे विकायची. काल दिवसभर बसून चुनीलालने तिच्या टोपल्यांसकट तो ओटा पेन्सिलीने काढला होता. आज रंग भरायचे होते, आणि समोर रंग भरण्याजोगं काही उरत नव्हतं.

तो धावतच पलीकडे गेला.

"शेट, पत्रा कसाले काढी ऱ्हायनात?"

शांतीलालने त्याच्याकडे न पाहता दोर गुंडाळला.

"तुम्ही मापं लेवाले उनात, मंग आम्ही काय करूत?"

मापं घेतल्याचा आळ अगदीच खोटा नव्हता. हात ताठ पुढे करायचा, पेन्सिल उभी धरायची, एक डोळा मिटायचा आणि समोरच्या घराची उंची अंगठ्याने पेन्सिलीवर मोजायची, हे कलाशाळेत पहिल्याच वर्षी शिकवतात. मुंबईत पोरं जागोजागी असं करत असतात, कुणी ढुंकूनही पाहत नाही. पण नंदुरबारच्या या दाणागल्लीने एक डोळा मिटून घरांकडे बघणारा माणूस त्याआधी एकदाच पाहिला होता. त्याने तिवईवर दुर्बीण ठेवली होती, आणि पुढच्या उन्हाळ्यात शेजारची गल्ली रुंद करायला कचेरीचे मजूर आले. ज्यांचे ओटे रस्त्यावर आले होते त्यांना वर दंडही बसला. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. दाणागल्ली आता ताक फुंकत होती.

चुनीलालने परोपरीने समजावलं. आपण कळसाडीच्या गुजर शेतकऱ्याचा मुलगा, मुंबईला जाहिरातीची चित्रं काढायला शिकतो, शेवटच्या परीक्षेला एक अख्खं शहर कागदावर मांडून द्यायचं आहे, म्हणून ही गल्ली. हे सगळं त्याने अहिराणीत सांगितलं, आणि तिथेच घात झाला. साहेबलोक गोड बोलून पोटात शिरतात हे गल्लीला ठाऊक होतं. त्यात हा अहिराणी बोलणारा साहेब म्हणजे फारच पोचलेला असणार. दुपारपर्यंत गल्ली दोन्ही बाजूंनी रंधा मारल्यासारखी सरळ झाली.

तो उतरला होता त्या धर्मशाळेच्या पायरीवर येऊन बसला. गेल्या वर्षी त्याने मुंबईचे रस्ते काढले होते आणि तो नापास झाला होता. हे शहर कुणीही काढेल, तुझ्या मुलखातलं आण, असं मास्तर म्हणाले होते. वडील तर त्याहून कमी बोलले होते. यंदा नाही जमलं तर ब्रश ठेव आणि शेतावर ये, एवढंच त्यांनी जेवता जेवता शांतपणे सांगितलं. ते चिडले असते तर बरं झालं असतं. परवाच्या गाडीने चित्र निघालं तरच परीक्षेला पोचणार होतं. करायला गेलो गणपती नि झालं माकड, असं तो स्वतःशी म्हणाला, पण हसू आलं नाही. चित्र सोडून त्याला जगात दुसरं काही येत नव्हतं.

मग तो उठला. ट्रंकेतला कोट अंगात घातला आणि गल्लीच्या मधोमध जाऊन उभा राहिला. या वेळी तो शाळेतलं मराठी बोलला.

"माप पूर्ण झालेलं आहे. सर्वांनी ओटे आणि पत्रे पूर्ववत करावेत, असा हुकूम आहे."

कुणाचा हुकूम, हे एकानेही विचारलं नाही.

संध्याकाळपर्यंत पत्रे चढले. शोभाबाईने स्वतःच्या हाताने विटा रचल्या, शेणाने सारवलं आणि ओटा पुढे तर आला नाही ना, असं त्यालाच विचारलं. नाही, बरोबर आहे, असं तो तिच्या नजरेला नजर न देता म्हणाला. दुसऱ्या दिवशी तो दिवसभर रंगवत बसला. पत्र्यावरचं ऊन, ओट्यांच्या सावल्या, फुटाण्यांच्या टोपल्या, सगळं मनासारखं उतरत गेलं. असं चित्र त्याच्या हातून पूर्वी कधी झालं नव्हतं, आणि ते त्याला कळतही होतं. लाज वाटायला हवी होती, पण तेवढी फुरसत त्याला नव्हती.

निघायच्या दिवशी सकाळी चित्राची गुंडाळी काखेत मारून तो स्टेशनाकडे निघाला. वाट गल्लीतूनच होती. शोभाबाईच्या ओट्यापुढे कचेरीचा ओव्हरसियर मजूर घेऊन उभा होता. शेजारच्या गल्लीतल्या कुणीतरी तक्रार केली होती: आमचे ओटे पाडले, यांचे कसे राहिले? चुनीलालला पाहून शांतीलालचा जीव भांड्यात पडला.

"हाई दखा, साहेबच उनात. यास्नीच हुकूम दिधा."

ओव्हरसियरने कोट पाहिला, मग बोटांवरचे रंग पाहिले.

"आपण कोणत्या खात्याचे?"

हुकूम तोंडी होता. मी काही सांगितलंच नाही, असं म्हणून चुनीलालला चालू लागता आलं असतं. शोभाबाई ओट्यावर हात ठेवून त्याच्याकडे बघत होती.

"कोणत्याच नाही," तो म्हणाला. "मी विद्यार्थी आहे. यांनी ओटे आपणहून काढले होते. मी खोटा हुकूम सांगून परत बांधायला लावले. यांना दंड करू नका."

दंड होणार नाही, पण ओटे आत्ताच निघतील, असं ओव्हरसियरने गल्लीला सांगितलं. मग चुनीलालकडे वळून, तोतया साहेब होणं हा गुन्हा आहे, कचेरीत येऊन जबानी द्यावी लागेल आणि काखेतला तो कागद जमा होईल, असं सुनावलं. माझी गाडी, एवढंच चुनीलाल म्हणाला आणि थांबला.

शांतीलाल त्याच्याजवळ आला.

"तू खरं सांगं तवय आम्ही मानं नही," तो हळू म्हणाला. "खोटं सांगं तवय आयकं."

चुनीलालने गुंडाळी पुढे केली. ओव्हरसियरने ती ओट्यावर उलगडली आणि बराच वेळ पाहत राहिला. गल्लीही आजवर न पाहिलेलं ते चित्र बघायला वाकली.

"झकास काढलंय," ओव्हरसियर म्हणाला. "वीट न् वीट दिसते."

यंदाच्या कामाला मिळालेली ही पहिली शाबासकी. मग ओव्हरसियरने चित्र दोन्ही हातांत धरलं, मजुरांना सोबत घेतलं आणि एकदा कागदाकडे, एकदा रस्त्याकडे बघत तो कुठे कुठे पहार घालायची ते दाखवत चालू लागला. पहिली पहार शोभाबाईच्या ओट्यात शिरली. चुनीलाल ओव्हरसियरच्या मागोमाग चालत होता.

"कडेने धरा," तो म्हणाला. "रंग अजून कच्चा आहे."