सतराव्या वळणावरची घंटी

मी सायकलची घंटी बोलतेय. हसू नका. माझ्याइतकं कमी बोलणारं तुमच्या घरात कुणी नसेल. कुणी अंगठा दाबला की एकदा 'ट्रिंग' म्हणायचं आणि गप्प बसायचं, एवढंच माझं बोलणं. तरीही आयुष्यात एकदा मी खोटं बोलले आणि त्याचं खापर माझ्याच डोक्यावर फुटलं. त्याला आठ महिने झाले. मला तो धक्का अजून पचलेला नाही, म्हणून आज तुम्हाला धरून बसवलंय.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यातला. पितळेच्या पत्र्यावर ठोका पडला आणि माझी वाटी झाली. बाजूला स्प्रिंग आणि बोटाच्या पेराएवढी हातोडी बसवली. ती माझी जीभ. घडवताना माझी कड किंचित दबली, त्यामुळे माझा आवाज इतर बहिणींपेक्षा जरा खाली लागतो. कारखान्यातला तपासनीस मला बाजूला काढणार होता, पण पेटी भरायची घाई होती आणि मी वाचले.

मग एक दिवस एका माणसाने दुकानात आमची पेटी समोर घेतली, डोळे मिटले आणि चाळीस घंट्या एकेक करून वाजवायला घेतल्या. दुकानदार वैतागून गेला. माझ्यापाशी येताच तो माणूस थांबला. "ही द्या," तो म्हणाला, "ही घाबरवत नाही, सांगते." माझ्या दोषालाच कुणी गुण म्हटलं होतं. त्या दिवसापासून मी त्या माणसाची झाले.

त्यांना सगळे 'कानसेन' म्हणायचे. त्यांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. गिऱ्हाइकाने सायकल आणली की ते आधी पान्याला हात लावायचे नाहीत. सायकल उलटी करायची, चाक फिरवायचं आणि डोळे मिटून कान द्यायचा. "मागच्या चाकात बेअरिंगचा एक छर्रा फुटलाय." उघडून बघितलं की छर्रा फुटलेलाच असायचा. कुणाची चेन कोरडी आहे, कुणाचा ब्रेक घासतोय, हे त्यांना सायकल कोपऱ्यावर असतानाच कळायचं. लोक लांबून यायचे ते या कानांसाठी.

त्यांची स्वतःची सायकल मात्र वाकड्या हँडलची, पातळ टायरची, पळायला बनवलेली. तिच्यावर त्यांनी मला बसवलं तेव्हा शेजारचा बेकरीवाला पोट धरून हसला. "रेसच्या सायकलीला घंटी? उद्या हिला आरसा नि फुलांची परडीपण लावा!" कानसेन म्हणाले, "ती माझ्यासाठी नाही. लेकीसाठी आहे."

त्यांची लेक तेव्हा दहा वर्षांची होती. दर रविवारी बापलेक सायकली काढायचे. रस्ता ठरलेला. दोन डोंगर चढायचे, तीन तळी ओलांडायची, आणि रस्त्यापेक्षा घरं जुनी असलेल्या दगडी वेशींच्या गावांतून जायचं. शेवटच्या डोंगरावरून तेवीस वळणांचा उतार होता. पोरीने त्या वळणांना आकडे दिले होते. सातव्यावर जांभळ्या फुलांचं कुंपण, बाराव्यावर पडका मनोरा, सतराव्यावर दुसरं तळं अगदी पायाशी.

उतारावर मागे वळून बघायचं नाही, हा कानसेनांचा नियम. मान वळली की हँडल वळतं. म्हणून त्यांनी एक रीत घातली. बाप पुढे, लेक मागे. प्रत्येक वळण पार केलं की लेकीने ओरडायचं, "आले!" बापाने मला एकदा वाजवायचं. म्हणजे, ऐकलं. हाक आली नाही तर बापाने तिथल्या तिथे थांबायचं.

किती सोपं होतं! ती मोठी झाली, नकाशे काढणाऱ्या कचेरीत नोकरीला लागली, पण ही रीत सुटली नाही. अठरा वर्षं मी त्या हाकेला उत्तर दिलं. इतर घंट्या कुत्र्यांवर ओरडतात, गप्पा मारत रस्ता अडवणाऱ्यांवर खेकसतात. मी फक्त एका पोरीला सांगायचे की तुझा बाप ऐकतोय. मला त्याचा फार अभिमान होता.

मग अडीच-तीन वर्षांपूर्वी माझा स्क्रू ढिला झाला. मी दिवसभर खुळखुळत होते. साऱ्या गावाच्या सायकलींची कुरकुर ऐकणाऱ्या माणसाला आपल्याच हँडलवरची खुळखुळ कळेना. म्हटलं, दिव्याखाली अंधार, दुसरं काय! चार दिवसांनी त्यांचं बोट सहज माझ्यावर टेकलं, तेव्हा त्यांना मी हलतेय हे समजलं. बोटाला समजलं, कानाला नाही.

मग मी लक्ष ठेवू लागले. ते अजूनही चाक फिरवून डोळे मिटायचे, पण आता दुसरा हात हळूच सायकलीच्या दांडीवर ठेवायचे. छर्रा फुटला असेल तर दांडी थरथरते. कानांचं काम त्यांनी बोटांवर ढकललं होतं. गिऱ्हाईक बोलताना ते त्याच्या तोंडाकडे टक लावून बघायचे. लोकांना वाटायचं, काय लक्ष देऊन ऐकतात!

एका रविवारी नवव्या वळणावर त्यांचा अंगठा माझ्यावर पडला. मी वाजले. आणि त्यानंतर मागून हाक आली, "आले!"

उत्तर आधी आणि हाक नंतर! मी हादरले. दहाव्यावर तेच, अकराव्यावर तेच. ते हाक ऐकून वाजवत नव्हते. वळण संपलं की मनात तीन आकडे मोजून वाजवत होते, कारण लेक तेवढ्याच अंतराने मागे असते. कधी हाकेनंतर वाजायचं, कधी आधी. उताराच्या वाऱ्यात लेकीला फरक कळत नव्हता. मला कळत होता, पण माझी जीभ दुसऱ्याच्या अंगठ्याखाली.

का लपवलं त्यांनी? लाज, आणखी काय. कानसेनाचे कान गेले म्हटल्यावर नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा अशी गत झाली असती. मला राग यायचा आणि कीवही यायची.

त्यांच्या बायकोला शंका आली होती. आमची सायकल घराच्या बोळात उभी असायची, तिथे मी मायलेकींचं भांडण ऐकलं.

"तीनदा हाक मारली गं. चहा निवून गेला. तुझ्या बाबांना ऐकू येत नाही, मी सांगते तुला."

"काहीतरीच काय आई! दर वळणाला माझ्या हाकेला घंटी वाजते. एक वळण चुकत नाही."

"मग माझंच ऐकू येत नसेल," आई म्हणाली.

"नवऱ्यांना बायकांचं नसतंच येत," लेक हसत म्हणाली.

मी गार पडले. माझ्या जिवावर ती आईला खोटं पाडत होती! बापाचे कान शाबूत असल्याची साक्ष मीच देत होते.

आणि मग तो रविवार आला. आकाश स्वच्छ होतं, तळी चकचकत होती. सतराव्या वळणावर कुणाच्या तरी गाडीतून बारीक खडी सांडली होती. कानसेनांचं चाक जरासं सरकलं, त्यांनी सावरलं आणि ते पुढे निघाले. मागून खडीवर टायर घसरल्याचा आवाज आला. मग लोखंड दगडावर घासत गेल्याचा. मग पाण्याचा.

मग हाक आली. ती रोजची हाक नव्हती.

मी थिजले. थांबा, थांबा, असं मला ओरडायचं होतं. कानसेनांचे ओठ हलले, एक, दोन, तीन. अंगठा पडला.

ट्रिंग. ऐकलं.

हे मी बोलले. मी! तळ्याच्या काठाला पडलेल्या पोरीला मी सांगितलं की बापाने ऐकलंय. अठराव्या वळणावर मी पुन्हा वाजले. एकोणिसाव्यावर वाजले. तेविसाव्यापर्यंत अशी सहा वेळा मी उत्तरं दिली, मागे कुणीही नसताना.

खालच्या गावाच्या वेशीपाशी ते उतरले. नळावर बाटली भरली, तोंड धुतलं, रस्त्याकडे बघत उभे राहिले. पाच मिनिटं. दहा. मग त्यांच्या हातून बाटली पडली. तो चढ ते ज्या वेगाने चढले, त्या वेगाने मी कुणालाही चढताना पाहिलेलं नाही.

एका मासेमाराने तिला पाण्यातून ओढून काठावर घेतलं होतं. मांडीचं हाड मोडलं होतं. सायकलीखाली अडकून ती कंबरेइतक्या गार पाण्यात पडून होती. ओठ निळे झाले होते. मासेमाराने दवाखान्याची गाडी बोलावली होती. पण तो स्वतःवरच चिडलेला होता.

"पोरगी ओरडली ते मी नावेतून ऐकलं हो!" तो मोठमोठ्याने, हातवारे करत सांगत होता. "लगेच निघत होतो. तेवढ्यात वर घंटी वाजली." त्याने माझ्याकडे बोट दाखवलं. "म्हटलं, बरोबरचं माणूस आहे, येतंय. म्हणून आधी जाळं आवरत बसलो. दहा मिनिटं गेली माझी!"

मला वाटलं, माझी वाटी तडकणार. एकीला फसवलं ते थोडं होतं म्हणून की काय, मी तिच्या मदतीलाही वाटेत अडवलं होतं.

कानसेनांनी त्याचे ओठ वाचले, बोट कुणाकडे आहे ते पाहिलं. आणि ते म्हणाले, "खड्ड्यात हिसका बसून वाजली असेल. आपोआप."

आपोआप? मी? माझी हातोडी अंगठ्याने ओढल्याशिवाय तसूभर हलत नाही, हे गिऱ्हाइकांना समजावून सांगणारे हेच! उचलली जीभ लावली टाळ्याला, असं तुम्ही माणसांबद्दल म्हणता. इथे माझी जीभ उचलली त्यांनी, आणि बोल मला लावला. काठावर पडलेल्या लेकीने बापाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. सायकलीच्या दुकानात वाढलेली ती पोर.

दुसऱ्या दिवशी कानसेनांनी जुन्या ट्यूबची रबरी पट्टी कापली आणि माझ्या हातोडीभोवती करकचून गुंडाळली. सायकल दुकानातल्या आकड्याला टांगली. सात महिने मी मुकी राहिले. ते सकाळी दुकानात यायचे, संध्याकाळी उशिरा घरी जायचे. लेकीसमोर बसणं टाळायचे. बायकोने 'मी म्हटलं नव्हतं?' असं एकदाही म्हटलं नाही. शेजारच्या बेकरीवाल्याशी ते एकदा बोलले, "बायको काही म्हणतच नाही. म्हणाली असती तर बरं झालं असतं."

गेल्या महिन्यात लेक काठी टेकत दुकानात आली. कानसेन पाठमोरे बसून चाकाच्या तारा आवळत होते. ती दारातून म्हणाली, "आले!"

पाठ हलली नाही.

ती दोन पावलं पुढे आली. "बाबा, आले." मग आणखी मोठ्याने. तारा आवळण्याचा आवाज चालूच. तिने माझ्याकडे हात वर केला, रबरी पट्टी सोडली, आणि त्यांच्या डोक्यापासून हातभर अंतरावर मला वाजवलं. एकदा. दोनदा. तीनदा.

मग ती लंगडत वळसा घालून त्यांच्यासमोर उभी राहिली. त्यांनी वर पाहिलं. तिच्या हातातली पट्टी पाहिली.

"घंटी आपोआप वाजते का हो, बाबा?" तिने सावकाश विचारलं.

पाना खाली पडला. त्यांनी तिच्या हातातून पट्टी घेतली.

"नाही," ते म्हणाले. "मी वाजवली. न ऐकता. दोन वर्षं न ऐकताच वाजवत होतो." मग त्यांनी विचारलं. "त्या दिवशी तू काय हाक मारली होतीस गं? मला तेसुद्धा माहीत नाही."

तिने उत्तर दिलं. ते तिच्या तोंडाकडे बघत होते. तिचे ओठ दोनदा मिटले, दोनदा उघडले. तो शब्द वाचायला फार सोपा आहे. तान्ह्या पोरांच्या तोंडूनही तो आधी येतो. कानसेनांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

आता मी लेकीच्या सायकलीवर आहे. तिचीही सायकल सध्या आकड्यालाच टांगलेली आहे. डॉक्टर म्हणतात, सायकल चालवायचं पुढच्या वर्षी बघू. तेव्हा पुढे ती राहणार, बाप मागे, म्हणजे त्यांना ती दिसत राहील. त्यांच्या कानात यंत्र आलंय. दुकानाच्या दारावर त्यांनी स्वतःच्या हाताने पाटी लावली आहे: 'समोर येऊन बोला. मला कमी ऐकू येतं.' गिऱ्हाईक एकही कमी झालं नाही, हे बघून सगळ्यांत जास्त चकित झाले ते स्वतः.

मला मात्र कुणी सहज वाजवलं तरी दचकायला होतं. पितळेची असले म्हणून काय झालं. तुमच्यापाशी एकच मागणं आहे. ऐकू आलं नसेल, तर आलं नाही म्हणा. माणसं पुन्हा हाक मारतात हो.