नाव सांगू की नको

"आले तर खरी मी! आता नाव सांगू की नको?"

हातातली पळी पंख्यासारखी धरून थोआ चुलीपाशी थबकली. खेकड्यांचं सार उकळत होतं. तिची मुलगी लुयेन खाली मान घालून भाजी निवडत राहिली.

"अगं, विचारतेय मी."

"सार उतू जाईल, आई."

"जाऊ दे. उद्या जत्रेत हेच व्हायचंय. मी विचारणार आणि सगळे मोबाइलमध्ये डोकं घालून बसणार."

चेओच्या, म्हणजे व्हिएतनामी गावनाट्याच्या, खेळात हे विचारावंच लागे. पात्र रंगमंच म्हणून अंथरलेल्या चटईवर येई, प्रश्न टाकी आणि बसलेल्यांतून कुणीतरी ओरडे, 'सांग की बाई! न सांगता कळायचं कसं, कोण आलंय ते?' मग ढोल वाजे आणि खेळ पुढे सरके. उत्तर आलंच नाही तर पात्राने काय करायचं, हे मात्र कुणी कधी शिकवलं नव्हतं.

थोआ सोळाव्या वर्षी जिल्ह्याच्या मंडळीत शिरली. गळा गोड, पण जबडा रुंद. नायिका काही तिच्या वाट्याला आली नाही. विशीच्या आतच तिला सोयरिकी जुळवणारी तोंडाळ म्हातारी केलं, आणि पुढे जन्मभर दातांना-तोंडाला काजळी फासून, पाठीत वाकून ती तीच म्हातारी होत राहिली. मंडळी मोडली, खेळ जत्रेपुरताच उरला, तेव्हा तिने बाजारात टोफू विकला. तिथेही गिऱ्हाइकं 'काय गं म्हातारे' अशीच हाक मारत. तेव्हा ती चाळिशीचीही नव्हती.

"लढाईत बॉम्बची नाही वाटली गं भीती," ती सार ढवळत म्हणाली. "भुयारात दिवा विझवून खेळ केला. मी विचारलं आणि अंधारातून पोरं ओरडली. एकाचंही तोंड दिसत नव्हतं. पण विचारल्यापासून उत्तर येईपर्यंत जी सामसूम असते ना, तिच्यात माझे पाय अजून लटपटतात."

इतकी वर्षं उत्तर द्यायला लुयेनचे वडील होते, मंडळीचे ढोलवाले. ते गेल्यावर शेजारचे खांगकाका. लुयेनने कधी तोंड उघडलं नव्हतं. लहानपणी आई चटईवर आली की ती माणसांच्या मागे सरके. उत्तर पाठ होतं, ओठांपर्यंतही येई, पण चार माणसांत आवाज काढायच्या नुसत्या कल्पनेने तिथेच अडे. पुढे नोकरीही तिने ग्रंथालयात धरली. तिथे कुणी मोठ्याने बोलायचं नसतं.

तेवढ्यात खांगकाका कुंपणाशी खोकत उभे राहिले. "वहिनी, उद्या माझ्या भरवशावर राहू नका. घसा पार बसलाय. बेडूक बरा."

"आधी तरी कुठे कोकीळ होतात?"

काका हसले आणि पुन्हा खोकत निघून गेले. थोआ मात्र हसली नाही. पळी खाली ठेवून ती म्हणाली, "लुयेन, उद्या तू बोल."

"मी?"

"एकच तर वाक्य आहे."

"बघू."

थोआने तिच्याकडे निरखून पाहिलं. "तूही माझ्यासारखीच भित्री. मी काजळी फासते, म्हणून दिसत नाही, एवढंच."

जेवण झाल्यावर थोआने फाटका कागदी पंखा भाताच्या खळीने चिकटवला आणि अंगणात उन्हात ठेवला. ऊन कलल्यावर तो आणायला गेली, ती तिथेच कोसळली.

मेंदूतली शीर फुटली होती. दुसऱ्या दिवशी दवाखान्यातून सांगितलं, घरी न्या.

पूर्वजांच्या देव्हाऱ्यासमोरच्या लाकडी पलंगावर तिला निजवलं. बातमी पसरली तशी माणसं जमली. ओटा भरला, अंगणही भरलं. वाचा गेली होती, उजवं अंग गेलं होतं. लुयेन उशाशी बसून एकेक श्वास ऐकत होती. श्वास जरा लांबला की ती वाकून पाही.

देवळाकडून जत्रेचा ढोल ऐकू आला. थोआची डावी बोटं फळीवर हलू लागली.

"पाणी मागतायत," कुणी म्हणालं. लुयेनने चमच्याने पाणी दिलं. ते ओठांच्या कडेने ओघळलं.

"कूस बदलायची असेल."

बोटं थांबेनात. दोन ठोके सावकाश, तीन भरभर. लुयेनने ते ओळखले. हे वडिलांचे ठोके. म्हातारी चटईवर यायच्या आधीचे.

बोटं थांबली. थोआचे ओठ हलले. आवाज फुटला नाही. मग ओठही थांबले आणि ती लुयेनकडे पाहत राहिली. डोळ्यांत निखळ भीती होती. आज तोंडावर काजळी नव्हती.

खोलीत सगळे गप्प होते. खांगकाकांनी तोंड उघडलं, पण नुसता वारा बाहेर आला.

लुयेन उठून उभी राहिली. ओट्यावरची माणसं वळून पाहत होती.

"सांग की बाई!" ती ओरडली, अंगणापलीकडे ऐकू जाईल अशी. "न सांगता आम्हाला कळायचं कसं, कोण आलंय ते?"