न उकळलेलं पाणी

"प्या साहेब, प्या! विष नाही घातलेलं त्यात."

हेइझोनं वाडगा पुढं सरकवला तसं अख्खं देऊळ हसायला लागलं. पालिकेचा साहेब पोरसवदा होता. मघापासून घसा फोडून सांगत होता, डोंगरात तलाव बांधायचा, तिथनं लोखंडी नळानं पाणी गावात आणायचं. पालिकेकडं एवढे पैसे नाहीत, म्हणून लोकांकडनंच कर्ज घ्यायचं. रोखा विकत घ्या, दरसाल व्याज घ्या, मुद्दल तीस वर्षांत परत. गल्लीगल्लीतनं निम्मा पैसा उभा राहिला तरच सरकार बाकीचा घालणार. नाही राहिला, तर तलाव कागदावरच.

साहेब पाणी प्यायला. "गोड आहे," म्हणाला बिचारा. खोटं कसं बोलणार?

"ऐकलंत?" हेइझो आमच्याकडं वळला. "घरच्या विहिरीत हे असताना मी तीस वर्षं पालिकेच्या तोंडाकडं बघत बसू? तोवर मी जाईन की वर!"

"तुम्ही खुशाल जा. व्याज माझ्या हातात देऊ दे त्यांना," मागनं त्याची बायको ओताने म्हणाली, आणि हशा पिकला.

आमच्या गल्लीतनं त्या दिवशी एक रोखा खपला नाही. हेइझो नको म्हणाला की गल्ली नको म्हणायची.

मी तोराकिची. कंबरेला दोर बांधून लोकांच्या विहिरीत उतरायचं आणि गाळ उपसायचा, ह्यात जन्म गेला माझा. आमचं गाव बंदराचं, सगळ्या विहिरी मचूळ. एक हेइझोची तेवढी गोड. टोफू करायचा तो. टोफू म्हणजे काय, सोयाबीनचं दूध नासवून केलेल्या वड्या, पाणीच की निम्म्याहून जास्त. तसला टोफू पार डोंगरापल्याड मिळायचा नाही. पहाटेपासून बायका त्याच्या दारात घागरी घेऊन उभ्या. पाण्याचा एक पैसा त्यानं कधी घेतला नाही. ऐट मात्र सोसायला लागायची.

त्या उन्हाळ्यात पटकीची साथ आली. जहाजातनं आली म्हणत होते. डॉक्टर दारोदार ओरडत फिरत होता, पाणी उकळून प्या, उकळून प्या. आम्ही उकळत होतो की! सगळ्या विहिरींचं उकळत होतो. फक्त हेइझोचं नाही. ते कशाला उकळायचं? उकळलं की गोडी जाते त्याची. आजाऱ्याला तर मुद्दाम तेच कच्चं द्यायचं, औषध म्हणून. हेइझो खांद्यावर कावड घेऊन घरोघर पोचवायचा. आमच्या शेजारच्या ओशिगेचा नवरा, उमदा गडी, जाळी विणायचा. उठता येईना त्याला, तर हेइझोनं मान धरून पाजलं. तिसऱ्या प्रहरी गेला. मग आणखी दोन घरं. मग ओताने.

आमच्यात मेलेल्याचे ओठ शेवटचे पाण्यानं ओले करतात. हेइझोनं ओतानेचे केले. आपल्या विहिरीच्या पाण्यानं. "बघ," मला म्हणाला, "निदान गोड पाणी तोंडात घेऊन गेली."

सातव्या महिन्यात, ताऱ्यांच्या सणाला, आमच्याकडं विहिरी उपसतात. सगळी गल्ली दोराला लागते, थट्टामस्करी चालते. त्या साली दोराला माणसं कमी आणि थट्टा करायला कुणाची जीभ उचलेना. तरी मी खाली पोचल्यावर हेइझोनं वरनं हाक घातलीच, "तोरा, फणी बघ रे! ओतानेची पडलीय गेल्या साली. डोकं खाल्लं होतं तिनं माझं."

फणी सापडली. बादलीत घालून वर पाठवली.

पाणी अजून खाली गेलं आणि मला वास आला.

हिवाळ्यात धरणीकंप झाला होता. त्यात एका अंगाचे दगड सरकले होते. फटीतनं काळपट काहीतरी झिरपत होतं. बोट लावलं, नाकाशी नेलं. त्या अंगाला वर काय आहे ते मला ठाऊक होतं. गल्लीचे संडास. आजाऱ्यांच्या बादल्यासुद्धा तिथंच रित्या केल्या होत्या आम्ही.

"वर घ्या मला!"

"काय झालं? साप?"

"वर घ्या म्हणतो ना!"

वर येऊन सांगितलं. हेइझो माझ्या अंगावरच आला. "खोटं बोलतोस! दात पाडीन!"

"मग तूच उतर."

त्यानं माझ्या कमरेचा दोर सोडून आपल्या कमरेला बांधला. त्या वयात उतरला. आम्ही दोर धरून उभे. मग वर घ्या म्हणून दोराला हिसका बसला.

ओशिगे माझ्या पुढंच दोराला होती. सगळं ऐकलं होतं तिनं. हेइझोचा पाय काठाला टेकेपर्यंत तिनं दोर सोडला नाही. पाय टेकला, मग सोडला, आणि मागं न बघता घरी गेली.

हेइझोचा हात मनगटापर्यंत काळा झाला होता. तो हाताकडंच बघत राहिला.

"मी पाजलं की रे," म्हणाला. "मान धरून पाजलं."

विहीर उपसून झाली की काठावर मीठ आणि साके, म्हणजे तांदळाची दारू, ठेवायची रीत आहे. त्या साली नुसतं मीठ ठेवलं आणि विहिरीच्या तोंडावर फळ्या ठोकल्या.

शरदात साहेब पुन्हा आला. पुन्हा देवळातच सभा. हेइझो उठला, फडक्यात बांधलेले येन साहेबापुढं ठेवले. मला ठाऊक होतं ते कसले. ओतानेच्या थडग्याला दगड घ्यायचा म्हणून साठवत होता. तिच्या डोक्याशी नुसती नाव लिहिलेली फळी उभी होती.

"रोखा द्या," म्हणाला. "तिच्या नावानं लिहा. व्याज मागितलं होतं तिनं."

साहेबाचा चेहरा उतरला. "आजोबा, गेलेल्या माणसाच्या नावानं नाही निघत रोखा."

"नाही निघत?" हेइझो खाली बसला. "बरं. मग लिहा कुणाच्याही."

कुणी कुणाला काही सांगितलं नाही. एकेक जण उठून पुढं जायला लागला. सगळ्यात शेवटी ओशिगे गेली. हेइझोकडं तिनं बघितलं नाही.

तलाव व्हायला वर्षं लागली. हेइझोनं टोफू सोडला, बंदरावर पोती शिवायला लागला. स्मशानात मात्र जायचा. आमच्यात थडग्यावर पाणी घालतात, गेलेल्याला तहान लागू नये म्हणून. हातात बादली, लाकडी ओगराळं. एकदा बघतो तर बादली रिकामी.

"अरे, फळीवर घालायला पाणी?"

"कुठलं घालू, तोरा?"

मी फळीभोवतीचं गवत उपटायला लागलो.

कोपऱ्यावर नळ आला तेव्हा गाव लोटलं. ढोल काय, पताका काय! हेइझो दारात बसून राहिला. दुपारी ओशिगे आली. इतक्या वर्षांत ती त्याच्याशी चकार शब्द बोलली नव्हती. भरलेली बादली उंबऱ्याशी ठेवली.

"आजोबा, नळाचं आहे. सोयाबीन भिजवा. टोफू खाल्ला नाही कितीतरी दिवसांत."

"उकळलंस?"

"उकळायला लागत नाही म्हणतात."

त्या बोलण्यानं त्याचं तोंड पांढरंफटक पडलं. वाडगा बुडवला. "बाकीचं झाकून ठेव. आधी मी पितो. तू परवा ये."

प्यायला, आणि पोटावर हात ठेवून उंबऱ्यावर बसला. रात्री मी जेवायला बोलवलं तर नको म्हणून मान हलवली. दुसरा दिवसही तसाच बसून काढला. नळावर पाण्याला निघालेली माणसं त्याच्याकडं बघत जायची.

तिसऱ्या दिवशी सकाळी तो उठला, नळावर गेला, बादली भरली. मी मागनं चाललो. स्मशानात तो आधी ओशिगेच्या नवऱ्याच्या दगडापाशी वाकला, पाणी घातलं. मग ओतानेच्या फळीकडं वळला. उन्हापावसानं नाव पुसलं होतं तिच्यावरचं. एक ओगराळं ओतलं. वाळकं लाकूड, लगेच पिऊन कोरडं झालं.

हेइझोनं दुसरं भरलं.