काठावर पास झालेला सांधा

मित्रांनो, मी एक जुना सांधा आहे. दाराचा किंवा गुडघ्याचा नव्हे, विजेवर चालणाऱ्या रिक्षाच्या बॅटरीतला. माझी एक बाजू ॲल्युमिनियमच्या पातळ पट्टीची, दुसरी तांब्याची. हल्ली मी तमिळनाडूतल्या होसूरच्या बॅटरी-कारखान्यात, शिकाऊ मुलींच्या टेबलावर, काचेच्या बरणीत असतो. फार दमलो आहे, म्हणून थोडक्यात सांगतो.

मला जोडताना ना आग लागली, ना काही वितळलं. यंत्राच्या पोलादी दाताने दोन्ही पट्ट्या दाबून धरल्या आणि कानाला ऐकू येणार नाही इतक्या वेगाने, सेकंदाला वीस हजार वेळा, एकमेकींवर घासल्या. अशाने धातूंवरचं पापुद्र्यासारखं आवरण फाटतं आणि धातू थेट धातूला भिडतो. पापणी लवेपर्यंत माझा जन्म झाला. मात्र पट्ट्यांच्या मध्ये दुसरं काही असता कामा नये. माझ्या मध्ये होतं.

आयुधपूजेला, म्हणजे आपल्या खंडेनवमीला, तिथे काम बंद ठेवून यंत्रांना चंदन-कुंकू लावतात. कात्रीला, पान्यांना, मोजायच्या यंत्रालाही. माझं यंत्र चालवणाऱ्या कनगवल्लीअक्काने ट्रेमधल्या सर्वांत वरच्या तांब्याच्या पट्टीलाही चंदन-कुंकवाचं बोट लावलं. दुसऱ्या दिवशी, विजयादशमीला, त्याच पट्टीने कामाला सुरुवात करायची म्हणून. एरवी प्रत्येक पट्टी स्पिरिटने पुसायची पद्धत होती. त्या सकाळी पट्टी हातात घेऊन ती जरा थांबली.

"स्पिरिट राहू दे गं आज," ती शेजारणीला म्हणाली. "देवीचं कुंकू ते. असल्या उग्र वासाच्या पाण्याने कोणी पुसतं का?"

अंगठ्याने तिने कुंकू टिपलं, आपल्या कपाळाला लावलं आणि पट्टी यंत्राखाली सरकवली. चंदनाचा पातळ थर माझ्या पोटात राहून गेला.

तपासणीला पूंगोडी बसायची. प्रत्येक सांध्यातून थोडी वीज सोडून तो त्या विजेला किती अडवतो, हे ती मोजायची. माझ्या शेजाऱ्यांचे आकडे साठच्या आसपास होते, माझा चौऱ्याण्णव. शंभरपर्यंत चालतं.

"अक्का, हा एकच निराळा आलाय."

"वर्गात एखादं पोर काठावर पास होतंच की. म्हणून काय घरी पाठवतेस त्याला?"

पूंगोडी हसली. पांढऱ्या चिकटपट्टीवर तिने ९४ लिहिलं, ती माझ्या शेजारी लावली, आणि बॅटरीचं झाकण बंद झालं.

पुढची चार वर्षं मी मुनिरत्नम यांच्या रिक्षात काढली. देवळाच्या टेकडीवर ते भाविकांना न्यायचे. सपाट रस्त्यावर मला काही वाटायचं नाही. चढाला मात्र वीज दुप्पट लागे, आणि वीज दुप्पट झाली की सांध्यातली उष्णता चौपट होते. शेजारी कोमट व्हायचे, मी भाजून निघायचो. उतारावर पुन्हा गार. तापलं की फुगायचं, निवलं की आकसायचं, दिवसातून वीस खेपा. चंदनाच्या कडेने एक बारीक भेग पडली. विजेला वाट अरुंद झाली, तशी उष्णता आणखी वाढली. बाहेर सगळे बॅटरीचं कौतुक करत. झाकणाखाली मी आहे हे कोणाला ठाऊकही नव्हतं.

एका मंगळवारी शेवटच्या वळणावर मी सुटलो. रिक्षा जागीच थांबली आणि आतल्या तिघी म्हाताऱ्या उरलेला चढ पायी चढल्या.

"सहा-सहा माणसं कोंबली असणार," दुरुस्ती केंद्राचे साहेब म्हणाले. "ओझ्याने जळलेली बॅटरी आम्ही बदलून देत नाही."

"तीनच होत्या साहेब. त्याही उपवासाच्या."

साहेब हसले, मुनिरत्नम हसले नाहीत. रिक्षा उभी राहिली तर टेकडीच्या थांब्यावरची त्यांची जागा दुसऱ्याला जाणार होती. शेवटचा निर्णय द्यायला कारखान्यातून पूंगोडीला बोलावलं. 'जास्त ओझं' एवढं लिहून सही केली असती, तर विषय संपला असता.

तिने झाकण काढलं. बाकीचे सांधे लखलखीत, मी एकटा काळा. शेजारी पिवळी पडलेली चिकटपट्टी, तिच्यावर तिचंच अक्षर. तिने मला सुरीने उकललं. आत बोटाच्या टोकाएवढा तपकिरी डाग होता.

"ओझं जास्त असतं तर सगळेच काळवंडले असते," ती म्हणाली. "हा एकच जळलाय. आणि याला मी पास केलं होतं, अण्णा."

मुनिरत्नम यांनी मोठा श्वास सोडला. "मग ताई, त्या म्हाताऱ्यांना तेवढं सांगाल का? त्या म्हणतात, मीच चार्जिंगला लावायला विसरलो."

त्यांना नवी बॅटरी मिळाली. मला कापून कारखान्यात आणलं. कनगवल्लीअक्काने मला तळहातावर घेतलं, डाग पाहिला, आणि बरणीत ठेवलं. पुढच्या आयुधपूजेला तिने ट्रेच्या बाहेरच्या कडेला कुंकू लावलं. मग माझ्या बरणीच्या झाकणाला. दुसऱ्या सकाळी पहिली पट्टी घेण्याआधी तिने स्पिरिटची बाटली उघडली.

मित्रांनो, पूजा जरूर करा, पण कामाला लागताना पुसायचं ते पुसा. आणि तुमच्यातला कोणी काठावर पास झाला, तर झाकण लावण्याआधी त्याला एकदा विचारा, बाबा रे, आत काही अडकलंय का.

आता माझ्यातून वीज जात नाही. मी गार आहे, आणि पुन्हा तापायचं नाही.